ताप: शून्य

बाजारात सुकलेल्या मोहफुलांचा आंबूस गोड वास आला की मला एक साहेब आठवतो आणि तोंड कडू होतं. तेव्हा मी गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांमध्ये हिवताप शोधायला बोटातून रक्त घेत फिरायचो. हा साहेब चंद्रपूरहून तपासणीला आला, तोही ऊन चढल्यावर. दारांना कड्या, गल्लीत फक्त कोंबड्या. एका ओट्यावर म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "सारे मोहफुलं वेचाले गेले, भाऊ. माही सून तापानं फणफणून राह्यली, तिथंच झाडाखाली पडली हाये. चाला माह्यासंगं." साहेबानं आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. घरी रुग्ण नाही म्हणजे गावात रुग्ण नाही, असं थोर शास्त्र मला शिकवून त्यानं माझ्याकडून रजिस्टरात 'ताप: शून्य' लिहून घेतलं. जंगलात जायला वेळ नव्हता, गावठी कोंबडी शिजेपर्यंत थांबायला मात्र होता. दिवेलागणीपर्यंत तो ओट्यावर डास मारत बसला. पंधरा दिवसांनी तोच हुडहुडला, रक्तात हिवताप निघाला. त्याच्या घरी जाऊन तपासणीच्या कागदावर 'लागण कुठं झाली' हा रकाना मला भरायचा होता. मी त्या गावाचं नाव घेताच तो रजईतून खेकसला, "पागल झाला काय? तिथं तर तापच नाई. तुझंच रजिस्टर पाह्य." मी 'चंद्रपूर' लिहिलं. माझं वळणदार अक्षर लोक आजही वाखाणतात. त्या सुनेच्या बोटाला माझी सुई कधीच लागली नाही.