कुनिएदाबाईंचा होकार

सातोको कुनिएदा माझ्या खानावळीत वीस वर्षं जेवतेय. या वीस वर्षांत तिला ताजीतवानी अशी मी एकदाही पाहिली नाही. पहाटे चारला उठून चौकटींच्या कागदावर लिहायचं, आठपासून इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या. सहा कादंबऱ्या झाल्या. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, पण मोठ्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचं नाव चार वेळा आलं. चारही वेळा वाट पाहायची बैठक माझ्याकडेच. आमच्याकडे निकालाच्या संध्याकाळी संपादक मंडळी लेखकाभोवती बसतात आणि फोन वाजेपर्यंत बेसबॉलच्या गप्पा मारतात. नकार आला की लेखकानेच सगळ्यांची माफी मागायची. तिला चार वेळा वाकून माफी मागताना पाहून माझंच डोकं फिरलं होतं.

पाचव्या वेळी ती लवकर आली. काउंटरपाशी बसून म्हणाली, "चिएको, आज नाही मिळालं तर सुटले बघ. लिहिणं बंद. पोटभर झोपणार."

"आणि मिळालं तर?"

"शुभ बोल की जरा!"

मग बाकीच्या मंडळींबरोबर तिचा संपादक मोरोझुमी आला. तिचं पहिलं हस्तलिखित यानेच गठ्ठ्यातून उचललं, तेव्हा केस काळे होते त्याचे. तिच्यापायी कचेरीत टोमणे खाल्ले बिचाऱ्याने.

"बाई, काहीतरी खा ना."

"तूच खा. मागच्या वेळी उपाशीपोटी रडलास."

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडचा माणूस आधी अभिनंदन करत नाही. विचारतो, "पारितोषिक आपल्याला द्यायचं ठरलंय. स्वीकाराल का?" नाही म्हणायची मुभा असते, पण म्हणतं कोण?

सातोकोने फोन कानापासून जरा लांब धरला. मला कळलं, ही नाही म्हणणार. खरं सांगते, मलाही वाटलं, म्हण बाई एकदाची!

मोरोझुमी गुडघ्यांवर मुठी ठेवून, डोळे घट्ट मिटून बसला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"स्वीकारते. आभारी आहे."

एकच गलका झाला. सातोकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं आणि टाळ्या वाढल्या. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

मोरोझुमी नाक पुसत म्हणाला, "बाई, आता पुढची कादंबरी!"

"हो रे, लिहिते," ती म्हणाली, रडक्या पोराची समजूत काढावी तशी.