रिनाच्या घरातली चोरवाट

प्रफुल हाताला पट्टा गुंडाळायचा तेव्हा बक्कल मोकळं ठेवायचा. रिनाच्या पाठीवर त्या बक्कलाचे चौकोन उठलेले होते, काही काळे पडलेले, काही अजून ओले. मारताना तो ओरडायचा नाही, फक्त विचारायचा. "पिवळ्या शर्टवाला कोण होता? दारात उभी राहून काय हसून राह्यली होती?" पिवळ्या शर्टवाला म्हणजे शाळेचा शिपाई, टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका न्यायला आलेला.

रिना जिवतीच्या डोंगराकडची. मराठी शाळेतून बारावी झाली, टायपिंग शिकली, लग्न होऊन राजुऱ्याला आली. पुढच्या खोलीत संगणक मांडला. सकाळी बुद्धवंदना म्हणायची, मेणबत्ती लावायची आणि कामाला बसायची. प्रफुल आलापल्लीहून सागवानाचा ट्रक चालवायचा, आठवडे आठवडे बाहेर. तरी त्याला घरातलं सारं कळायचं. आणि यायचा तो नेमका ती एकटी असेल तेव्हाच.

चुगली करणारं एकच माणूस तिला सुचलं. भिंतीला भिंत लागून राहणारी मीराबाई. एकदा मारात दात हलला, त्या रागात तिने नळावर मीराबाईच्या थोबाडीत ठेवून दिली. "माह्या घरच्या बातम्या तूच पोहोचवते!" मीराबाईचा ओठ फाटला, पाण्याने भरलेला पितळी गुंड लवंडला. पदराने रक्त पुसत मीराबाई म्हणाली, "तुह्या नवऱ्याशी बोलाले मले काय येड लागलं हाय?" त्या दिवसापासून बोलणं बंद.

दुपारी जवळच्या कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला की त्या भागातली घरं हादरतात. एके दिवशी अशीच भांडी खणखणली आणि मागच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर कलली. रिनाची पाठ तिकडे होती. तिला कळलंच नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"बुद्ध वाकडा झाला तुह्या मागं. रोज वंदना म्हणते ना मोठी? सरळ कर."

प्रफुल आलापल्लीला होता. फोनमध्ये लाकडं लादणाऱ्यांचा ओरडा ऐकू येत होता. इथे दार बंद, खिडक्या बंद, मीराबाईच्या दाराला कुलूप. रिनाने वळून पाहिलं. तसबीर खरंच वाकडी होती. मग तिची नजर संगणकाच्या डोक्यावरच्या बारक्या कॅमेऱ्याकडे जायला निघाली, ती तिने अर्ध्यातच अडवली. उठली, तसबीर सरळ केली, हात जोडले. घागर उचलून बाहेर पडली आणि नेट जोडून देणाऱ्या कुलदीपला फोन लावून कॅमेऱ्याचं विचारलं.

"वहिनी, भाऊनंच सांगितलं होतं ना," तो म्हणाला. "म्हणे तिले संगणक जमत नाई, मी तिकडूनच पाहीन. म्हणून राउटरमधली फायरवॉल बंद केली, संगणकापर्यंत रस्ता उघडून देला."

"मले जमत नाई? तुह्या दुकानाची बिलं कोण टाइप करते रे?"

कुलदीप हळू आवाजात समजावू लागला. "आपल्या जंगलातला फॉरेस्टचा नाका असते ना, तशी फायरवॉल. घरानं मागवलं ते आत सोडते, न बोलावता आलेलं परत धाडते. भाऊसाठी मी नाक्याच्या बाजूनं चोरवाट काढली. ते बंद करा, पासवर्ड बदला. पण वहिनी, बंद केलं की त्यायले लगेच समजते."

ते तिलाही कळत होतं. म्हणून आधी ती शेतावर मीराबाईकडे गेली. सगळं सांगितलं, पायाशी वाकली. मीराबाई तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. पोलक्याच्या वर एक चौकोन दिसत होता.

"ऊठ," ती म्हणाली.

घरी येऊन रिनाने धूळ पुसल्यासारखा राउटर उचलला, खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे पासवर्डचे आकडे पाठ केले. स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. चोरवाट पुसली, फायरवॉल चालू केली, पासवर्ड बदलला. मग मागच्या दाराने मीराबाई आत आली आणि मुसळ घेऊन चुलीजवळ बसली.

फोन वाजत राहिला. रिनाने उचलला नाही.

दिवस कलताना दाराची कडी फळीसकट निघाली. प्रफुलच्या हातात ट्रकचं चाक खोलायचा लोखंडी टॉमी होता. "कोणाले लपवलं? काऊन बंद केलं?" पहिला घाव राउटरवर पडला, दुसरा संगणकावर. तिसरा रिनाने हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच ऐकला. ती भिंतीवर तोंड आपटून कोसळली. त्याने टॉमी डोक्याच्या वर नेला.

मुसळ त्याच्या गुडघ्यावर बसलं. तो बोंबलत खाली आला, चाचपडत टॉमीकडे सरकला. मीराबाईने दुसरा घाव मनगटावर घातला.

"आज दिसली नाई ना रे मी तुले?" ती धापा टाकत म्हणाली. "पाह्य आता डोळे भरून."

आरडाओरडा ऐकून शेजाऱ्यांनी बोलावलेल्या पोलिसांनी त्याला उचलून गाडीत टाकलं. रिनाच्या तोंडून रक्ताबरोबर 'बुद्धं सरणं' एवढंच निघत होतं.

कुलदीप नवा राउटर लावायला आला तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरात होता. "फायरवॉल माह्यासमोर चालू कर," ती म्हणाली. "आता तोंड तिकडं कर." आणि डाव्या हाताने, एक एक अक्षर शोधत, तिने पासवर्ड घातला.

दुपारी सुरुंग उडाला. तसबीर कलली. रिना फोनकडे पाहत बसली. फोन वाजला नाही. चहा घेऊन आलेल्या मीराबाईने स्टुलावर चढून बुद्ध सरळ केला.

"मीराबाई, त्या थापडीचं..."

"थापड मी विसरली नाई," मीराबाई उतरत म्हणाली. "हात बरा होऊ दे तुहा. चहा पी."