हौदाचा बोळा

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. बायकोला माहीत नाही, मुलीला तर नाहीच. परवा ती एक जुना इंग्रजी सिनेमा बघत होती — एरवी एकमेकांकडं ढुंकूनही न बघणारी, निरनिराळ्या घरांतली पोरं शिक्षा म्हणून सुटीच्या दिवशी शाळेत अडकतात आणि संध्याकाळपर्यंत जिवलग होतात. ती हसत होती. मी मधूनच उठलो. का उठलो — तिला काय सांगू?

आमची शिक्षाही अशीच होती. केजजवळची शाळा, दुष्काळाचं वर्ष. तास बुडवून तंबूतला सिनेमा बघायला गेलो म्हणून हेडसरांनी तिघांना रविवारी बोलावलं. एक मी — वडील साखर कारखान्याचे संचालक. दुसरा सलीम, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा. तिसरा भगवान. त्याचे आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेले, म्हणून तो शाळेच्या बोर्डिंगात. बोर्डिंग सुटलं की त्याच्याही हातात कोयता येणार, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. मलाही.

दुपारी टँकर यायचा होता, त्याआधी हौद धुवायचा. रिकाम्या हौदात उतरून आम्ही खराटे मारले, ओरडून आवाज घुमवले. भगवान मला म्हणाला, "अय बे, संचालकाच्या पोरा, खराटा आसा धरतेत का?" एरवी कुणाची टाप नव्हती — पण मला ते आवडलं. लई आवडलं! इतकं, की तळाचं भोक बुजवायची वेळ आली तेव्हा मी हट्टच धरला — बोळा मीच लावणार. लाकडी खुंटीला चिंध्या गुंडाळायच्या आणि ठोकायची, एवढंच काम. मी ठोकली. नीट ठोकली का? तेव्हा तरी तसं वाटलं होतं.

सोमवारी सकाळी हौद कोरडा. सगळं पाणी रातोरात मागच्या रानात जिरलेलं. बोर्डिंगातली पोरं रिकाम्या बादल्या घेऊन उभी. बोळा कुणी लावला, हे हेडसरांनी विचारलं ते मला — संचालकांचा मुलगा खोटं कशाला बोलेल?

मी म्हणालो, "भगवाननं."

तुम्ही म्हणाल, भ्यालो असेन. कशाला भिऊ? मला कोण हात लावणार होतं? टँकर कारखान्याचाच; वडिलांनी दुसरा पाठवला असता — पाठवलाही, दुपारच्या आत. मग लाज? माझे रोजचे मित्र मागं उभे होते, त्यांच्यादेखत हौदात उतरून राबलो म्हणायची? असेल. नसेलही. इतकी वर्षं उलटसुलट करून बघतोय, हाताला काही लागत नाही.

सलीमला खरं माहीत होतं. पण त्याच्या बापाचं पोट कारखान्याच्या ट्रॅक्टरांवर. तो जमिनीकडं बघत राहिला. भगवान ओरडला नाही, रडला नाही. माझ्याकडं वळून फक्त म्हणाला, "कावून?" — का, एवढंच.

बोर्डिंगातून त्याचं नाव कमी झालं. ऊसतोडीचा मुकादम मागं राहिलेल्या मजुरांचा ट्रक घेऊन निघाला, त्यात तो गेला. पुन्हा शाळेत आला नाही.

आणि खरं सांगायचं ते तर पुढंच आहे. हजेरी घेताना सर त्याचं नाव वगळून पुढं गेले, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं ना? मला हायसं वाटलं.