कुकरची शिट्टी मोर्शीले गेली

माही पोरगी झाली तवा रडली नाही. अकोल्याच्या दवाखान्यात सिझर झालं, मी टेबलावर पडून ऐकून राहिली होती, आता रडन, आता रडन, पण नुसता कात्र्या ट्रेमधी टाकल्याचा आवाज. मंग कोणीतरी म्हटलं, श्वास धरत नाही, अमरावतीले न्या, तथी मोठी मशीन आहे. तिचा बाप तिले ऑक्सिजनच्या गाडीत घेऊन गेला, सासू गेली. मले टाके होते, उठता येत नव्हतं, मी अकोल्यातच राहिली. माह्या खाटेपाशी एकटी माही नणंद.

मी घडीघडी नवऱ्याले फोन लावत होती. तो एकच म्हणे, "आहे तशीच आहे." मंग चिडला, "अवं, लावू नोको फोन, अथी वाजला का नर्स बाहेर काढते मले." मंग मी फोन नुसता हातात धरून बसली, त्याच्याकडं पाहत. नणंदेनं तो घेतला, काहीतरी उघडलं आन् परत माह्या हातात देला.

"वहिनी, हे खेया. म्या बनवलं आहे."

ती अमरावतीले कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. मी नववीतून शाळा सोडली.

"मले नाही येत बाप्पा, गेम-फेम."

"वाचता येते ना? मंग झालं. वाचाचं आन् निळ्या शब्दावर बोट ठेवाचं."

चित्र नव्हतं, गाणं नव्हतं. पांढऱ्या पानावर आपल्याच बोलीत लिहिलं होतं, तू कुकर आहे, तुही शिट्टी रुसून मोर्शीले गेली. खाली दोन निळे शब्द, 'रड' आन् 'निघ'. म्या 'रड' दाबलं. तर पुढचं पान आलं, कुकरले रडता येत नाही, त्याले शिट्टी लागते.

म्या ते पान दोनदा वाचलं. "हे कवा लिहिलं वं तू?"

"परीक्षेच्या आधी. तवा तुमी लोणचं खाऊन राहिल्या होत्या." मंग तिले बी समजलं का मी काहून इचारलं, तिचा चेहरा पडला. "ठेवा वहिनी, नोका खेयू."

पण मी नाही ठेवला. 'निघ' दाबलं. एसटीत कंडक्टर म्हैस होती. तिकीट फाडे आन् सोताच खाऊन टाके. म्हणे, सुट्टे नसन तर कडबा दे. एका संत्र्यानं रुमाल टाकून खिडकीची जागा धरली होती, ते म्हणे, मले सोलाचं असन तर आधी माह्या मोठ्या भावाले इचारा. मले हसू आलं. टाके ओढले गेले, पोट दाबून धरलं, तरी हसू थांबेना.

बाजूच्या खाटेवर सुनेसोबत एक बुढी होती. ती म्हणे, "लेकरू तिकडं मशीनीवर, आन् ही अथी दात काढून राहिली."

नणंद भडकली. "मावशी, तुमी तुमचं पाहा ना!"

म्या मान खाली घातली. पण बोट थांबलं नाही. मोर्शीच्या वेशीवर एक उलथनं पहाऱ्याले उभं होतं. ते म्हणे, घरच्यायचा निरोप घे, मंगच आत सोडतो. खाली एकच निळा शब्द होता. 'जातो'.

माहं बोट तथीच राहिलं. आमच्या घरी कोणी वावरात निघो का बाजारात निघो, 'येतो' म्हणते. जातो म्हणत नाही. जातो म्हणून निघते तो परत येत नाही, असं म्हणतात. सासू पोरीले चादरीत गुंडाळून नेत होती तवा बी दारातून मुद्दाम मोठ्यानं बोलली होती, "येतो वं आमी." आन् मी अथी 'जातो' दाबू?

"वहिनी, कुकर जाऊन राहिला. तुमी नाही."

"असन. मी नाही दाबत."

"मंग शिट्टी नाही भेटत."

"नोको भेटू."

"काय पागलपणा आहे!" म्हणाली, आन् मंग माह्या तोंडाकडं पाहिलं. बॅगेतून लॅपटॉप काढला, स्टुलावर बसून काहीतरी खटखट केलं. माह्या फोनवर त्या शब्दाचं 'येतो' झालं. म्या पटकन दाबलं. तर पुन्हा पहिलंच पान. तू कुकर आहे.

तिनं कपायावर हात मारला. "घाईघाईत चुकलं. येतो म्हटलं का हा घरीच येते. आता मोर्शीले पोचतच नाही."

"राहू दे तसंच."

मंग मी फिरतच राहिली. म्हैस, संत्रं, उलथनं, येतो, पुन्हा घर. मले वाटे, मी दाबून राहिली तोवर तिकडं पोरीले काही होत नाही.

दुपारी 'येतो'च्या पानावरच फोन वाजला. नवरा होता.

"डॉक्टर म्हणतात नळी काढून पाहू. आपल्या मनानं श्वास घेते का ते पाहू. नाही घेतला तर..." मंग म्हणे, "आई म्हणते दोन दिस थांब. तू सांग."

घरात भाजी कोणती कराची हे बी मले कोणी इचारत नाही, आन् हे इचारून राहिला. त्याच्या मांगं मशीन टूक टूक करून राहिली होती.

"थांबलं तर काय होते?"

"नळीनं छाती खराब होते म्हणतात."

म्या नणंदेकडं पाहिलं. ती फरशीकडं पाहत होती. थांबलं तर उद्या बी हेच, परवा बी हेच, पुन्हा तेच पान.

"काढा म्हणा," म्या म्हटलं. आवाज माहाच होता का नाही, मले समजलं नाही.

मंग खेयता आलं नाही. नणंद माहे पाय धरून बसली. त्या बुढीनं आपला चहा अर्धा ओतून माह्या समोर ठेवला. तो थंडा झाला, त्यावर साय आली, मी सायीकडंच पाहत होती आन् फोन वाजला. म्या कानाले लावला. मंग एक आवाज आला, दारात मांजराचं पिल्लू अटकल्यासारखा, बारीक.

"ऐकलं का वं?" सासू बोलली. "तुही पोट्टी."

आता ती घरी आहे, बार्शीटाकळीले. तिच्या बरोबरची लेकरं बसाले लागली, हिनं अजून मान धरली नाही. होतानाच मेंदूले हवा कमी पडली म्हणतात, वाट पाहा म्हणतात. झोपली का मी तिच्या नाकाखाली बोट धरतो. घरात कुकरची शिट्टी वाजते तवा कधी दचकते, कधी दचकत नाही. दचकली नाही का मी दिवसभर भीत राहतो.

मांगं नणंद सुट्टीत आली होती. जाताना म्हणे, "वहिनी, तो गेम म्या नेटवर टाकला, तर लोक शिव्या देऊन राहिले मले. म्हणतात, गेम फिरून फिरून घरीच येते, हे काय बनवलं. आता नीट करू का? 'जातो' टाकू पुन्हा?"

पोरगी मांडीवर होती, तिच्या मानेखाली माहा हात.

"नोको. मान धरू दे हिले आधी."

"बरं," म्हणाली. बॅग खांद्यावर घेतली, वाकून पोरीच्या टाळूचा मुका घेतला. दारात चप्पल घालताना, मांगं न पाहता, मुद्दाम मोठ्यानं बोलली.

"येतो वं आमी."