उघडी गंजी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तैलरंग शिकायचं ठरवलं. जालन्यात आमच्याच कॉलनीत एक चित्रकलेचे सर राहतात. त्यांनी मला एका जुन्या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचं छापील चित्र दिलं आणि ते जसंच्या तसं करायला सांगितलं. कापणी झालेलं शेत, त्यात गवताच्या दोन गंज्या, उतरतं ऊन.

पहिल्याच दिवशी मी गंजीची सावली काळ्या रंगानं भरली. सरांनी ती फडक्यानं पुसली आणि काळ्याची ट्यूब स्वतःकडे ठेवून घेतली. मग निळा, जांभळा, थोडा तांबडा असे फटकारे शेजारी शेजारी मारत गेले. लांब जाऊन पाहिलं तर सावली पडली होती. मला त्याचं वेडच लागलं.

कॅनव्हास मागच्या खोलीत ठेवला, तिथं उजेड चांगला. त्याच खोलीत माझ्या वडिलांची, अण्णांची खाट होती. आई गेल्यावर मी त्यांना तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावाहून घेऊन आले होते. त्यांचा विसरायचा आजार वाढत चालला होता. रंगात मिसळायला जवसाचं तेल वाटीत ओतलं की ते मान वर करायचे, चटणी केली का म्हणून विचारायचे. बाकी दिवसभर गप्प.

एका दुपारी ते उठून चित्राजवळ आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "गंजी उघडी हाय, माय. कोनाची?"

मी आभाळ रंगवत होते, रंग ओला होता, मला थांबायचं नव्हतं. म्हटलं, "आपलीच, अण्णा."

त्यांनी ते धरून ठेवलं. आभाळ आलंय, झाकली का, असं रोज विचारायचे. मी हो म्हणायचे आणि रंगवत राहायचे. त्यांना बोलायला विषय मिळाला होता आणि मला वेळ.

पुढच्या आठवड्यात सरांकडून घरी आले तर फाटक उघडं. अण्णा नाहीत, खाटेवरची चादरही नाही. बसस्टँड जवळच, म्हणून आधी तिकडं धावले. ते गावाकडं जाणाऱ्या अंबडच्या बसमध्ये बसले होते. पायात चप्पल नव्हती, चादर काखेत होती आणि उजवा हात रंगानं माखलेला. मला पाहून म्हणाले, "जल्दी चल. सगळा कडबा भिजंल मंग."

घरी चित्र पाहिलं. एका गंजीवर त्यांच्या पंजाचा फराटा उठला होता. मला आधी राग आला तो चित्र बिघडल्याचा. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

रविवारी त्यांना गाडीनं गावी नेलं. शेत चुलतभाऊ करतो. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. बैल विकल्यापासून तिथं गंजी कुणी रचत नाही. अण्णा बांधावर उभे राहिले. मी म्हटलं, बघा, काही भिजलेलं नाही.

"हे आपलं न्हाई," ते म्हणाले. "आपलं रान तुझ्या घरी हाय."

परत आल्यावर मी कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवला, तर ते जेवेनात. तो पुन्हा सरळ केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरच दोन्ही गंज्यांवर निळी ताडपत्री रंगवली, कडेनं दगडही ठेवले. ते खाटेवर बसून बघत होते. एका कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "तिकडून उडंल." मी तिथं आणखी एक दगड रंगवला. मग ते आडवे झाले आणि गाढ झोपले.

तेव्हापासून त्यांनी गंजीचं नाव काढलेलं नाही. पण दुसरंही काही बोलत नाहीत. तेलाची वाटी मी मुद्दाम खाटेजवळ ठेवून पाहिली, तरी मान वर झाली नाही.

मी झाकायला नको होतं, असं आता वाटतं.