न आलेलं रीळ

"थांबा, लोक हसायलेत," असं म्हणून आप्पा सिनेमाची गोष्ट सांगता सांगता हात वर करत. समोर मी एकटा असायचो, आणि त्यांच्या घराची चुना दिलेली भिंत. आप्पा भिंतीकडे बघत, काहीतरी ओसरू देत, मग पुढचं सांगत.

परभणीतल्या एका बंद पडलेल्या टॉकीजचे ते जुने ऑपरेटर. मूकपटांच्या काळात त्यांचे वडील तंबूत पडद्याशेजारी उभे राहून चित्रांमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या मोठ्यानं वाचत, कारण गावोगावच्या लोकांना वाचता येत नसे. त्यातला एक विनोदी सिनेमा नाटकावरून केलेला. त्याची प्रत आज कुठेच नाही. आप्पांनीही तो पाहिला नव्हता. वडिलांकडून ऐकून पाठ केला होता.

सासरची माणसं आपल्यासाठी किती रडतात हे बघायला एक जावई मेल्याचं सोंग घेतो, अशी गोष्ट. नाकावर माशी बसते आणि हाकलता येत नाही.

मी वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस. मी ती सलग लिहून नेली. आप्पांनी ऐकलं आणि मान हलवली. "सर, मधी जागा सोडा. न्हाईतर हसण्यात पुढची पाटी बुडती."

मी वही पुन्हा लिहिली. माशीसाठी सहा कोऱ्या ओळी सोडल्या.

वडिलांच्या वेळी शेवटचं रीळ मात्र सिनेमाच्या पेटीतून आलंच नव्हतं. वडील नाटकातला शेवट सांगून वेळ मारून नेत. "नाटकात तो उठतो," आप्पा म्हणत. "सिनेमात उठला का, एवढं कळलं पायजे." आजारपणात त्यांना दुसरी कसलीच ओढ उरली नव्हती. ते न कळताच आप्पा गेले.

दहाव्यानंतर मी वही त्यांच्या मुलीला द्यायला गेलो. ती पन्नाशीची, शाळेत शिकवते. वडिलांच्या या नादाकडे तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. उभ्या उभ्या पानं चाळून ती शेवटच्या पानावर थांबली.

"हे अर्धंच हाय की सर. तो उठतो, पण कुणाचं लक्षच जात न्हाई. सगळे रिकाम्या चटईकडं बघून रडायलेत. तो चपला घालतो आन् दार ओढून घेतो."

आप्पांनी कधी सांगितलं, मी विचारलं.

"आप्पांना कुठं म्हाईत होतं? मी बघितलाय."

कुठे, ते तिला सांगता येईना. "तुमी न्हाई बघितला?" तिनं साधेपणानं विचारलं.

मी नाही म्हणणार होतो. पण ती चटई मला दिसत होती, डाव्या कडेला उसवलेली. उसवल्याचं तिनं काही सांगितलं नव्हतं.