काठाचा लाल टाका

धुतलेल्या कपड्यांची अर्धी टोपली घडी घालून झाली होती, अर्धी माझ्या गुडघ्याशी तशीच. तोंडानं देवाचं नाव चाललेलं. तेवढ्यात धाकटी जाऊ शिकवणीहून आली आणि चप्पल न काढताच उंबऱ्यात बसली. बेकरीवरच्या खोलीत ती बायकांना कॉम्प्युटर शिकवते. दूध उतू जाईल, पण हिची तंद्री मोडणार नाही. सासूबाई म्हणायच्या, हिचे पाय ढगात आणि चपला तेवढ्या जमिनीवर.

"ताई, सगळ्या उठून गेल्या."

"का गं?"

"पुस्तकात लिहिलंय, क्रम लावायला शिकवताना खेळायचे पत्ते वाटा. मी वाटले. फुलवाल्या आजी म्हणाल्या, ह्या पत्त्यांच्या जुगारानं माझा संसार गिळला, आणि मी हात लावू? मग एकीमागून एक..."

उद्या पाहणीला साहेब यायचे होते. दहाजणी दिसल्या नाहीत तर खोलीला कुलूप, असं त्यांनी बजावलेलं.

"पुस्तक लिहिणाऱ्याला काय ठाऊक, कुणाच्या घरात काय जळलंय," म्हणत मी पुढचा सदरा उचलला. ती माझ्या हातांकडे बघतच राहिली.

"न बघता कळतं कसं, कुणाचा ते?"

"काठाला टाका असतो. लाल मामंजींचा, निळा तुझ्या नवऱ्याचा, पिवळा तुझा. इतकी वर्षं संसार केलास, नवऱ्याचा रंग आज कळला!"

ती हसली नाही. ऊन भिंतीवरून हळूहळू उतरत होतं. डोळे मिटून ती एकेक काठ बोटांनी चाचपत होती, झोपेत कुणाचा तरी हात शोधावा तशी. मग उठली आणि आजींच्या फुलांच्या गाड्याकडे माफी मागायला गेली. परत आली ती एवढंच घेऊन : "बघते म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी टोपलीचा एक कान तिनं धरला, एक मी. खोलीभर गरम पावाचा वास, यंत्रांची मधमाश्यांसारखी गुणगुण. दाराशी साहेब. बायका सहाच. जाऊचा चेहरा पांढराफटक. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढे आजी, मागे तिघी.

"पत्ते कुठायत?"

"चुलीत, आजी."

"मग बसते."

पत्त्यांऐवजी टोपलीतले कपडे; टाका बघून आधी लाल, मग निळे, मग पिवळे, असा नियम ठरला. दोन गटांनी दोन ढीग लावले. आता दोन्हींचा एक करायचा, तर एकजण सगळंच कालवायला निघाली.

"अगं, लावलेलं विस्कटतेस कशाला?" आजी ओरडल्या. "दोन्ही ढिगांचं वरचं वरचं बघ. ज्याचा नंबर आधी, ते उचल."

जाऊनं पुस्तक उघडून आजींपुढे धरलं. तीच युक्ती, फक्त चित्र पत्त्यांचं. "आजी, कॉम्प्युटरही असंच करतो. पण हा धडा पुढच्या आठवड्यातला होता."

"मग पुढच्या आठवड्यात मी करू काय?"

साहेबसुद्धा हसले. दोनदा मोजलं त्यांनी, दहा. कुलूप पिशवीतच राहिलं. देवा, तुझं लक्ष असतं.

सोमवारी प्रत्येकीनं आपल्या घरचे कपडे आणायचे ठरलंय, पण टाके कुणाच्याच कपड्यांना नाहीत. माझी टोपली विस्कटून घरी आली. जाऊ अजून आलेली नाही. ती परस्पर दोऱ्यांच्या दुकानात गेलीय, आठ रंगांची रिळं आणायला.